स्टिरिओवरचं अ‍ॅप परत परत बंद पडतंय? आधी ते राहतं कुठे ते बघा

गाळ्यासमोर गाडी थांबते, काच खाली होते आणि तेच वाक्य ऐकू येतं, "गाणी वाजतायत, रिव्हर्स कॅमेरा चालतोय, फक्त मॅप उघडत नाही." पुढची हकीगतही ठरलेली. अ‍ॅप अपडेट मागतं. अपडेट मारलं की ‘हे अ‍ॅप तुमच्या डिव्हाइसवर चालणार नाही’ असं येतं. कुणीतरी सांगितलं म्हणून फॅक्टरी रिसेट मारला, चार दिवस बरं चाललं, पाचव्या दिवशी पुन्हा तेच. काहींनी कंटाळून नवा स्टिरिओच बसवलेला असतो आणि वर्षा-दीड वर्षात तोही त्याच वाटेने जातो.

मी भांडुपला गाड्यांचं इलेक्ट्रिकल आणि स्टिरिओ फिटिंगचं काम करतो. लोकांचे कष्टाचे सात-आठ हजार असे दोन-दोनदा गेलेले बघून वाईट वाटतं, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय. दुकानात जाण्याआधी घरीच तपासता येण्यासारखं यात बरंच आहे.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. स्क्रीनवर मॅप दिसतो म्हणजे मॅपचं अ‍ॅप त्या स्क्रीनमध्येच आहे, असं नाही. ते तीनपैकी एका जागी असतं.

पहिली जागा म्हणजे तुमचा फोन. अँड्रॉइड ऑटो आणि कारप्ले हे या प्रकारातले. कारप्ले २०१४ मध्ये आला, अँड्रॉइड ऑटो त्यानंतर वर्षभराने. यात अ‍ॅप फोनमध्ये चालतं, इंटरनेट फोनचं वापरलं जातं आणि स्टिरिओ फक्त चित्र दाखवतो, आवाज देतो आणि तुमचं बोट कुठे लागलं ते फोनला कळवतो. दुसरी जागा म्हणजे बाहेरून बसवलेला अँड्रॉइड स्टिरिओ. तो म्हणजे डॅशबोर्डमध्ये बसवलेला टॅबलेटच. त्याची स्वतःची रॅम, स्वतःचं प्ले स्टोअर, स्वतःचं अँड्रॉइड. तिसरी जागा म्हणजे गाडीच्या कंपनीने दिलेली सिस्टीम. तिच्या पोटात क्यूएनएक्स, लिनक्स किंवा अँड्रॉइड ऑटोमोटिव्ह यांपैकी एखादी ऑपरेटिंग सिस्टीम असेल. हे ऑटोमोटिव्ह गूगलने २०१७ मध्ये जाहीर केलं आणि २०२० च्या पोलस्टार २ या गाडीत ते पहिल्यांदा रस्त्यावर आलं. अँड्रॉइड ऑटो, अँड्रॉइड ऑटोमोटिव्ह आणि अँड्रॉइड स्टिरिओ ही नावं कानाला सारखी लागतात, म्हणून दुकानातही गोंधळ होतो. वस्तू तिन्ही वेगळ्या आहेत.

तुमचं कोणतं हे ओळखायला फोन गाडीबाहेर ठेवा आणि स्टिरिओ चालू करा. मॅपचं चिन्ह तसंच दिसतंय आणि दाबल्यावर अ‍ॅप उघडायचा प्रयत्न करतंय, तर ते स्टिरिओमध्ये राहतं. चिन्हच गायब झालं, तर ते फोनमध्ये राहतं. पुढचा सगळा शोध यावर ठरतो, कारण दोन्हींची दुखणी वेगळी आहेत.

आधी घड्याळ बघा

हे वाचून आश्चर्य वाटेल, पण ‘अ‍ॅप सपोर्ट संपला’ म्हणून आलेल्या कितीतरी गाड्यांमध्ये खरा दोष एका वायरीत सापडतो.

मुलुंडहून एक काका आले होते, टुरिस्ट टॅक्सी चालवतात. त्यांची तक्रार मजेशीर होती. सकाळी सोसायटीतून निघताना मॅप उघडत नाही, प्ले स्टोअर उघडत नाही, हॉटस्पॉट जोडलेला दिसतो तरी ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ असं येतं. हायवेला लागल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी सगळं आपोआप सुरळीत होतं. दुपारी जेवायला गाडी बंद केली की परत पहिल्यापासून.

"नवा घालून टाक रे, याचं अँड्रॉइड जुनं झालंय असं तिकडे सांगितलं मला," काका म्हणाले.

मी म्हटलं, "काका, एकदा चावी बंद करा, दोन मिनिटं थांबा आणि परत फिरवा."

स्क्रीन लागली. कोपऱ्यात तारीख होती १ जानेवारी २०१८.

स्टिरिओ बाहेर ओढला, मागचा कपलर काढला. स्टिरिओच्या कपलरला साधारणपणे एक पिवळी आणि एक लाल वायर असते. पिवळी थेट बॅटरीकडून येते, तिच्यात चोवीस तास १२ व्होल्ट हवेत, कारण घड्याळ आणि सेटिंग तिच्यावर जिवंत राहतात. लाल चावीवर चालते. चावी फिरली की तिच्यात करंट येतो आणि स्टिरिओला जाग येते. इथे कुणीतरी दोन्ही वायरी एकत्र पिळून, वरून काळी टेप गुंडाळून चावीच्या लाइनला जोडल्या होत्या. टेप उन्हाने चिकट होऊन सुटत आली होती, आत तांब्याचे चार-पाच तंतू हिरवे पडले होते. चावी बंद झाली की स्टिरिओचा जीवच जायचा आणि घड्याळ कारखान्यातल्या तारखेवर जायचं.

आता तारखेचा आणि मॅपचा संबंध काय? इंटरनेटवरची प्रत्येक सुरक्षित जोडणी समोरच्या सर्व्हरचं प्रमाणपत्र तपासते आणि त्या प्रमाणपत्राला ‘अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत’ अशी मुदत असते. स्टिरिओच्या मते आज २०१८ असेल, तर या वर्षी दिलेलं प्रमाणपत्र त्याला अजून सुरूच न झालेलं वाटतं. तो जोडणी नाकारतो. काकांच्या स्टिरिओचं घड्याळ जीपीएसवरून वेळ घ्यायचं सेटिंग होतं आणि त्यांची गाडी नव्या टॉवरच्या तळघरात लागते. तिथे उपग्रह दिसत नाही. उघड्यावर आल्यावर, वेळ मिळाली की गाडं रुळावर. मुंबईत पुनर्विकासात जी सोसायटी उठते तिला बहुतेक वेळा तळघर नाहीतर पोडियम पार्किंग असतं, त्यामुळे हा प्रकार आता जास्त दिसणार.

अँड्रॉइड ऑटोसुद्धा गाडीचं घड्याळ चुकलेलं असेल तर जोडणी नाकारू शकतो, कारण तिथेही फोन आणि स्टिरिओ एकमेकांची प्रमाणपत्रं तपासतात. म्हणून कुठलीही तक्रार असो, पहिलं काम हेच. तारीख, साल आणि टाइम झोन बघा. चीनहून आलेल्या युनिटमध्ये टाइम झोन तिकडचाच राहिलेला असतो, म्हणजे आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. लोक झोन न बदलता हाताने काटे मागे करतात. तेव्हा स्क्रीनवरची वेळ बरोबर दिसते, आतला हिशेब मात्र चुकलेलाच राहतो. झोन भारताचा निवडा, मग ‘नेटवर्कवरून वेळ’ चालू करा.

वायर तपासायला मल्टिमीटर लागतो, साधा तीन-चारशे रुपयांचा पुरतो. चावी बंद ठेवून पिवळ्या वायरीवर १२.४ ते १२.७ व्होल्ट दिसले पाहिजेत. शून्य दिसलं तर वायरिंग चुकलंय किंवा पिवळीवरचा इनलाइन फ्यूज उडालाय. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ दिसतात. सेल्फ मारताना आकडा क्षणभर दहाच्या आसपास उतरतो, तेवढं चालतं. त्याहून बराच खाली जात असेल आणि नेमका त्याच वेळी स्टिरिओ रिस्टार्ट होत असेल, तर स्टिरिओला हात लावू नका. बॅटरी म्हातारी झाली आहे किंवा अर्थिंग ढिलं आहे. अर्थिंगसाठी काळी वायर नुसती पट्टीला अडकवून चालत नाही. रंग खरवडून, बोल्टखाली रिंग टर्मिनल लावून घट्ट करावी लागते. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत ती जागा दोन पावसाळ्यांत गंजते, दादर-वरळीच्या गाड्यांत तर मी हे नेहमी बघतो.

पिवळी वायर नीट जोडल्यावर एक दुसरी गोष्ट बघावी लागते. ‘दोन सेकंदांत चालू’ म्हणून जे युनिट विकलं जातं ते प्रत्यक्षात बंद होतच नाही, झोपून राहतं. चांगलं युनिट झोपेत अगदी थोडा करंट घेतं. बिघडलेलं अर्धा अ‍ॅम्पिअरही खातं. अर्धा अ‍ॅम्पिअर म्हणजे दिवसाला १२ अ‍ॅम्पिअर-अवर आणि छोट्या गाडीची बॅटरी असते ३५ ची. आपल्याकडे कितीतरी लोक सोमवार ते शुक्रवार लोकलने जातात आणि गाडी रविवारी काढतात. तोवर बॅटरी बसलेली असते. चावी काढून, दारं लावून, वीस मिनिटांनी बॅटरीच्या मायनसला मीटर सिरीजमध्ये लावून बघा. पूर्ण गाडीचा मिळून ५० मिलिअ‍ॅम्पिअरच्या आत हवा. जास्त असेल तर स्टिरिओच्या सेटिंगमध्ये झोपेची मुदत असते, ती कमी करा किंवा ‘लगेच बंद’ वर ठेवा. सुरू व्हायला अर्धा मिनिट लागेल, लागू द्या.

पेटीवर १३, पोटात ८.१

घड्याळ ठीक, वायर ठीक, तरी अ‍ॅप चढत नाही. मग ऑपरेटिंग सिस्टीमकडे वळायचं.

विक्रोळीची एक ताई नवाकोरा स्टिरिओ घेऊन आली होती. पेटीवर ‘अँड्रॉइड १३’, सेटिंगमध्ये ‘अँड्रॉइड १३’, बिलावरही तेच. आणि क्रोम अपडेट व्हायला तयार नाही. मी पेन ड्राइव्हवरून सीपीयू-झेड चढवलं, यंत्राच्या पोटात खरं काय आहे ते दाखवणारं अ‍ॅप. त्यातल्या सिस्टीमच्या पानावर एपीआय लेव्हल नावाची एक ओळ असते. तिथे २७ होतं. तिला माझ्या फोनवर तेच पान उघडून दाखवलं, तिथे ३३.

अँड्रॉइडच्या प्रत्येक आवृत्तीला एक एपीआय क्रमांक असतो. ८.१ म्हणजे २७, ९ म्हणजे २८, १० म्हणजे २९, ११ म्हणजे ३०, १३ म्हणजे ३३, १४ म्हणजे ३४. सेटिंगमध्ये जे नाव दिसतं ते एका फाइलीतलं साधं अक्षर आहे, विकणारा ते बदलू शकतो. अ‍ॅप मात्र नाव बघत नाही, एपीआय क्रमांक बघतं. त्यामुळे तिचा ‘१३’ हा डिसेंबर २०१७ मधला ८.१ होता, वरून नवा रंग मारलेला. रॅमचंही तसंच. ४ जीबी लिहिलेलं असतं आणि आत २ निघतात. दुकानदार प्रत्येक वेळी खोटं बोलतो असं मी म्हणणार नाही. त्यालाही पेटी तशीच येते. पण पैसे देण्याआधी दुकानात उभं राहून ही ओळ बघायचा आपला हक्क आहे, आणि त्याला दोन मिनिटंही लागत नाहीत.

जुन्या एपीआयचा फटका एकदम बसत नाही, हप्त्याहप्त्याने बसतो, म्हणून तो ‘परत परत येणारा’ दोष वाटतो. एकेक अ‍ॅप आपली किमान अट वर नेत जातं. क्रोमची १३८ ही अँड्रॉइड ८ आणि ९ वर चालणारी शेवटची आवृत्ती. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या १३९ पासून किमान अँड्रॉइड १० लागतं. क्रोम न वापरणाऱ्यालाही हे लागू आहे, कारण कितीतरी अ‍ॅप्स लॉगिनचं किंवा पैसे भरण्याचं पान दाखवायला वेबव्ह्यू नावाचा भाग वापरतात आणि तो क्रोमचाच भाऊ. तो गोठला की अ‍ॅप उघडतं, पांढरं पान दिसतं आणि बंद होतं. त्याहून जुन्या युनिटवर आणखी एक संकट. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था असंख्य वेबसाइटना मोफत प्रमाणपत्रं देते, पण तिचं मूळ प्रमाणपत्र अँड्रॉइड ७.१.१ च्या आधीच्या यंत्रांना माहीतच नाही. एका जुन्या प्रमाणपत्राच्या आधारावर २०२४ पर्यंत निभावलं, मग तो आधार गेला. अँड्रॉइड ६ चं युनिट असेल तर त्यावर अ‍ॅप्सच्या मागे लागू नका.

तिसरी अडचण ३२ आणि ६४ बिटची. प्रोसेसर ६४ बिटचा असतो, पण रॅम वाचवायला कारखान्यात ३२ बिटचं अँड्रॉइड घातलेलं असतं. जे अ‍ॅप फक्त ६४ बिटमध्ये येतं ते प्ले स्टोअरमध्ये दिसतच नाही. सीपीयू-झेडमध्ये कर्नलच्या ओळीत ‘आर्म व्ही ७’ दिसलं तर सिस्टीम ३२ बिटची, ‘एआर्च ६४’ दिसलं तर ६४ ची.

अशा वेळी लोक काय करतात? कुठल्यातरी साइटवरून जुनं एपीके, म्हणजे अ‍ॅपची सुटी फाइल, उतरवतात, नाहीतर यूट्यूबवर बघून फर्मवेअर, म्हणजे स्टिरिओचं मूळ सॉफ्टवेअरच, नव्याने मारतात. दोन्हींबद्दल मनापासून सांगतो, नका करू. या स्टिरिओंमध्ये अँड्रॉइडशिवाय एमसीयू नावाचा वेगळा मेंदू असतो. स्टिअरिंगची बटणं, रेडिओ, रिव्हर्सचा सिग्नल तो सांभाळतो. मॉडेल दिसायला सारखं आणि एमसीयू वेगळा, असं असताना फर्मवेअर मारलं की स्क्रीन कायमची काळी होते. अशी तीन युनिटं माझ्या रॅकवर पडली आहेत. फर्मवेअर घ्यायचंच असेल तर विकणाऱ्याला ‘अबाउट’ पानाचा फोटो पाठवून त्याच्याकडूनच घ्या.

एपीकेचं प्रकरण तर याहून गंभीर आहे. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने बॅडबॉक्स २.० या मालवेअरबद्दल, म्हणजे यंत्रात लपून बसणाऱ्या घातक सॉफ्टवेअरबद्दल, इशारा दिला. स्वस्त टीव्ही बॉक्स, प्रोजेक्टर यांच्यासोबत बाहेरून बसवलेल्या गाडीच्या सिस्टीमचंही नाव त्यात होतं. काही यंत्रांत हे मालवेअर कारखान्यातूनच आलेलं असतं, काहींत सुरुवातीला उतरवलेल्या अ‍ॅप्समधून शिरतं. म्हणून स्टिरिओवर रोजचं गूगल खातं घालू नका, गाडीसाठी वेगळं खातं काढा. बँकेचं आणि यूपीआयचं अ‍ॅप तर त्यावर नकोच. गाडी सर्व्हिसला जाते, ड्रायव्हर बदलतो, व्हॅलेटवाला किल्ली घेतो. उघडं खातं असं कुणाच्याही हातात द्यायचं नसतं.

मग त्या ताईने काय करायचं? तिच्या युनिटमध्ये झेडलिंक नावाचं अ‍ॅप आधीपासून होतं. बहुतेक चिनी युनिटमध्ये ते किंवा त्याच्यासारखं दुसरं असतं आणि त्यातून अँड्रॉइड ऑटो आणि कारप्ले दोन्ही चालतात. मी केबलने तिचा फोन जोडला, झेडलिंक उघडलं आणि तिच्या फोनमधला मॅप मोठ्या स्क्रीनवर आला. स्टिरिओच्या पोटातलं अँड्रॉइड ८.१ आता नुसतं चित्र दाखवायच्या कामाचं. जुनं असलं तरी तेवढं ते वर्षानुवर्षं करेल. स्टिरिओतली बाकीची अ‍ॅप्स आम्ही काढून टाकली, तशी मोकळी झालेली २ जीबी रॅम पुरायला लागली.

यात दोन चुका होतात. बरेच जण प्ले स्टोअरमधून ‘अँड्रॉइड ऑटो’ हे अ‍ॅप स्टिरिओवर उतरवतात आणि ते काहीच करत नाही म्हणून वैतागतात. ते अ‍ॅप फोनच्या बाजूचं आहे. स्टिरिओच्या बाजूला झेडलिंकसारखं, फोनचं चित्र घेणारं अ‍ॅप लागतं. आणि दुसरी, झेडलिंकचा परवाना त्या युनिटशी बांधलेला असतो, फर्मवेअर बदललं की कधी कधी तो जातो. विकणाऱ्याला विचारल्याशिवाय रिसेट मारू नका.

फोनमधलं अ‍ॅप आणि तुटणारी जोडणी

इथे नव्वद टक्के वेळा केबलचाच दोष असतो असं माझं मत आहे. सिग्नलवर मिळणारी केबल चार्जिंग करते, डेटा नेत नाही किंवा धड नेत नाही. तीन फुटांच्या आतली, चांगली, फोनच्या डब्यातली केबल थेट यूएसबीत लावा, मध्ये हब किंवा एक्स्टेन्शन नको. फोनच्या पोर्टमध्ये खिशातला कापूस साचतो, लाकडी टूथपिकने हलक्या हाताने काढा. ही दोन कामं करून परत गेलेली गिऱ्हाइकं मी मोजलेली नाहीत, पण पुष्कळ आहेत.

वायरलेस असेल तर ओळख ब्लूटूथवर पटते आणि चित्र ५ गिगाहर्ट्झ वायफायवर जातं. फोन अँड्रॉइड ११ किंवा पुढचा आणि ५ गिगाहर्ट्झवाला हवा. केबलसाठी अँड्रॉइड ९ पुरतं. फोनवर व्हीपीएन चालू असेल तर बंद करून बघा. बॅटरी सेटिंगमध्ये अँड्रॉइड ऑटो आणि गूगल प्ले सर्व्हिसेस यांना ‘अनिर्बंध’ करा, नाहीतर स्क्रीन बंद झाली की फोन त्यांना झोपवतो. मे महिन्यात उन्हात लावलेल्या गाडीत डॅशबोर्डवर फोन ठेवून जोडणी तुटते म्हणणाऱ्यांनी आधी एसी लावून फोन खालच्या खाचेत ठेवावा. आणि यूट्यूब दिसत नाही ही तक्रार दोष नाही. अँड्रॉइड ऑटोमध्ये नकाशे, गाणी, निरोप असे ठरावीक प्रकार येतात, चालत्या गाडीत व्हिडिओ दिसू नये हे मुद्दाम ठरवलेलं आहे, आणि योग्यच ठरवलंय.

नवा घ्यायचाच असेल तर

माझा कल स्पष्ट सांगतो. गाडी दहा-बारा वर्षं राहते, फोन तीन-चार वर्षांत बदलतो. म्हणून जे लवकर शिळं होतं ते फोनमध्ये असू द्या. ज्या युनिटमध्ये स्वतःचं प्ले स्टोअरच नाही, फक्त रेडिओ, ब्लूटूथ, कारप्ले आणि अँड्रॉइड ऑटो आहे, तसं युनिट घ्या. सोनी, पायोनियर, केनवूड, जेव्हीसी या कंपन्यांची अशी युनिटं मिळतात. किंमत जास्त आहे, स्क्रीन कधी कधी लहान असते, दुकानदार आग्रह दुसऱ्याचा करेल. पण त्याच्यात अपडेट न होणारं अ‍ॅपच नसतं, तर तक्रार कशाची येणार.

फोनमधून दाखवणंही अमर आहे असं नाही. मिररलिंक नावाची अशीच सोय पूर्वी होती. सॅमसंगने १ जून २०२० ला ती बंद केली आणि ज्या स्क्रीन फक्त तिच्यावर होत्या त्या आंधळ्या झाल्या. म्हणून कारप्ले आणि अँड्रॉइड ऑटो दोन्ही असलेलं घ्या. घरात आज आयफोन नसला तरी.

स्टिरिओमध्येच अ‍ॅप्स हवीत असाही वर्ग आहे. मुलांना थांबलेल्या गाडीत कार्टून लावायचं असतं, किंवा ड्रायव्हर रोज वेगळा आणि फोनही वेगळा. त्यांनी दुकानातच सीपीयू-झेड चढवून एपीआय किमान २९ आहे का, ६४ बिट आहे का, रॅम खरी ४ जीबी आहे का हे बघावं. सिम घालायचं असेल तर ४जीचे बँड विचारा. जिओला ३, ५ आणि ४० लागतात, आणि ३जीवर चालणाऱ्या खाचेत जिओचं सिम उपयोगाचं नाही. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये ‘प्रमाणित’ लिहिलंय का तेही बघा. लॅमिंग्टन रोड असो, ऑपेरा हाउस असो की कुर्ल्याचा सीएसटी रोड, चालू करून दाखवायला नकार देणाऱ्याकडून घेऊ नका.

रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक घेऊन स्टिरिओ स्वतः बनवणारे हौशी तरुणही येतात, त्यांचं मला कौतुक आहे. त्यांना सांगणं एवढंच की सॉफ्टवेअरच्या आधी वीजपुरवठा सोडवा. चावी बंद झाल्यावर आधी सिस्टीम नीट बंद करून मग करंट तोडणारं सर्किट लावा. नाहीतर एसडी कार्ड महिन्या-दोन महिन्यांत खराब होतं.

आणि एसडी कार्डवरच्या जुन्या नकाशावर विसंबून राहू नका. कोस्टल रोड मार्च २०२४ मध्ये सुरू झाला, अटल सेतू त्याच वर्षी जानेवारीत. जुन्या नकाशात गाडीचा बाण तिथे सरळ समुद्रात जातो. अंधेरीचा गोखले पूल नोव्हेंबर २०२२ ला बंद झाला आणि फेब्रुवारी २०२४ ला त्याची एक बाजू उघडली. सायनचा पूल ऑगस्ट २०२४ ला बंद झाला. या शहरात नकाशा ताजा असावाच लागतो, आणि तो ताजा ठेवायचं काम फोन बिनबोभाट करतो. फक्त रेंज जाते तिथल्यासाठी मुंबई-ठाण्याचा भाग ऑफलाइन उतरवून ठेवा.

काकांनी नवा स्टिरिओ घेतला नाही. पिवळी वायर वेगळी करून बॅटरीपर्यंत नेली, १० अ‍ॅम्पिअरचा इनलाइन फ्यूज टाकला, अर्थिंग नव्याने बोल्टखाली घेतलं आणि झेडलिंकवर त्यांचा फोन जोडून दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासहाला त्यांचा व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला. तळघरातला काळोख, स्क्रीनवर एअरपोर्टचा निळा रस्ता आणि कोपऱ्यात बरोबर तारीख.